मदत हवी आहे: कामगारांना घडवणाऱ्या उद्योगांच्या गौरवासाठी निकष
नमस्कार. गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील आमच्या लघुउद्योजकांच्या गटाने कामगारांना मनापासून शिकवणाऱ्या आस्थापनांचा गौरव करण्याचे ठरवले आहे; त्याच्या निकषांबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, त्यामुळे नुसती ती संख्या गाठणे हे माझ्या मते कौतुकाचे कारण नव्हे. आयटीआयमधून आलेल्या फिटरला वर्षभर गोदामात माल मोजायला लावले, तरी हजेरीपत्रक व्यवस्थित भरते. (फायली तर सगळेच दाखवतात.) मग लेथवर त्याला प्रत्यक्ष काय शिकवले, जुन्या कामगाराला सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रावर बसवले का, हे परीक्षकांनी कसे पडताळावे? दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपसाठी वेगळा गट ठेवावा का?