कॅरेक्टर अ‍ॅक्टरला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

चहागाळणी:
परवा लेकीबरोबर पहिला 'एलियन' (१९७९ चा) परत बघितला. तर ती म्हणे आई, हा डोकं उडाल्यावर दुधासारखं काहीतरी ओकणारा रोबो म्हणजे तोच ना, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला तो अंगठीवाला म्हातारा बिल्बो? तोच. इयन होम. (स्पेलिंगमध्ये ल आहे पण बोलताना नाही, म्हणजे आपल्या होमहवनातला होम.) मग अशा नटाला, म्हणजे हीरो नसून दरवेळी वेगळंच पात्र रंगवणाऱ्या कॅरेक्टर अ‍ॅक्टरला, मराठीत काय म्हणतात असं निघालं, आणि मी बेधडक ठोकून दिलं 'चरित्र अभिनेता'. तिने लगेच विचारलं, म्हणजे चरित्रपटात कामं करणारा का? मी गप्प. पोरीचं काय चुकलं सांगा, आपल्याकडे चरित्र म्हणजे शिवचरित्र, आत्मचरित्र. मग हा शब्द आला कुठून आणि दुसरा बरा शब्द आहे का?

मूळपुरुष:
हिंदीतून, सरळ उचललेला. हिंदीत नाटकसिनेमातल्या पात्रालाही चरित्र म्हणतात, त्यामुळे त्यांना तो शब्द खटकत नाही. आपण पात्राला पात्रच म्हणतो किंवा जरा लेख लिहायचा असला की व्यक्तिरेखा. लीळाचरित्रापासून आपल्याकडे चरित्र म्हणजे कुणाचं तरी केलंसवरलं, आणि माणसाच्या शीलाला वेगळा शब्द, चारित्र्य. (चुकून 'चारित्र्य अभिनेता' लिहू नका, पोलिसांकडून पडताळणी करून आणावी लागेल.)

कोपऱ्यातला वाचक:
सोपं आहे की, सहाय्यक अभिनेता म्हणा.

चहागाळणी:
नाही हो, ते बक्षिसाच्या खान्याचं नाव झालं, नटाच्या जातीचं नाही. बक्षिसं होमला त्या खान्यात मिळाली हे खरं, इंग्रज नाटककार पिंटरच्या नाटकातल्या लेनीसाठी १९६७ मध्ये टोनी (अमेरिकेतला नाटकांचा पुरस्कार), आणि 'चॅरियट्स ऑफ फायर' (१९८१) ह्या धावपटूंवरच्या सिनेमातल्या कोच मुसाबिनीसाठी बाफ्टा (ब्रिटिश सिनेपुरस्कार), ऑस्करला नामांकन सुद्धा. त्यातला तो सीन आठवतोय का? १९२४ चं पॅरिस ऑलिंपिक, मुसाबिनी पैसे घेऊन शिकवणारा कोच म्हणून त्याला स्टेडियमात जागा नाही, बिचारा हॉटेलच्या खोलीत बसलाय, शंभर मीटर कोण जिंकलं हे त्याला खिडकीतून वर चढणाऱ्या झेंड्यावरून आणि राष्ट्रगीतावरून कळतं, आणि तो काय करतो तर पलंगावर बसून स्वतःच्या स्ट्रॉ हॅटमध्ये बुक्की घालतो, हॅट फुटते. बास. शर्यत धावणारे दोघं देखणे हीरो बाजूला राहतात आणि मला तरी ती फुटकी हॅटच आठवते. ह्यात सहाय्य कुणाला झालं? आणि १९९७ मध्ये ह्याच माणसाने लंडनच्या नॅशनल थिएटरात शेक्सपिअरचा किंग लिअर केला, ऑलिव्हिए पुरस्कार घेतला. लिअर करणारा सहाय्यक कसा?

पेठेतला पोपट:
बहुरूपी?

मूळपुरुष:
बहुरूपी सोंग आणतो, वेष हेच त्याचं भांडवल. होम बऱ्याचदा आपलाच चेहरा घेऊन यायचा, बदलायचे ते डोळे आणि आवाजाची पट्टी. उलट आपल्या जुन्या नाटक कंपन्यांतले शब्द बघा, राजापार्ट, स्त्रीपार्टी. कोण काय करणार हे ठरलेलं. इंग्रजी कंपन्यांतही तसंच होतं, एक तरुण नायक, एक खल, एक विनोदी, एक म्हातारा बाप, आणि माणूस घेतानाच तो अमुक कामाचा म्हणून घ्यायचे. पण त्या मापात होम बसत नाही. तो सेनानी करतो, धर्मोपदेशक करतो, 'द स्वीट हिअरआफ्टर' मध्ये (१९९७, लिअरच्याच वर्षी) वकील करतो आणि तिथे चक्क मुख्य भूमिका.

पेठेतला पोपट:
बरं मग सेनानीवरून आठवलं. नेपोलियन त्याने तीनदा केलाय. १९७४ ला टीव्ही मालिकेत, १९८१ ला 'टाइम बँडिट्स' मध्ये (त्यात तो दारू पिऊन इतिहासातल्या सगळ्या बुटक्या सेनापतींची उंची सांगत बसतो, ह्याची स्वतःची उंचीही बेताचीच), आणि परत २००१ ला. शिवाय पीटर पॅनवाला लेखक बॅरी, मग ॲलिसवाला कॅरल, एकदा हिमलर, एकदा गोबेल्स, आणि वर तुमचा मुसाबिनी पण खराखुरा माणूस. म्हणजे ताई, तुमची मुलगी बरोबर होती. आपल्या मराठी अर्थानेसुद्धा हा चरित्र अभिनेताच!

चहागाळणी:
अरे देवा. 😂 हे तिला सांगणार नाही, डोक्यावर बसेल.

कोपऱ्यातला वाचक:
'गुणी नट' का नको? आमच्या आजोबांच्या तोंडी हाच शब्द असायचा, आणि तो कधी हीरोला नाही लागायचा.

मूळपुरुष:
हा आवडला. हीरो देखणा, लाडका वगैरे असतो, गुणी म्हणायचं ते जो आला की आपण सावरून बसतो त्याला. फक्त त्यात थोडी कीव पण आहे, की गुणी होता पण नशिबाने साथ नाही दिली. होमला तर १९९८ ला सर किताब मिळाला, कीव कशाला करायची. मी आपला 'कॅरेक्टर नट' म्हणेन, बोलताना तसंही तेच म्हणतो.

चहागाळणी:
चालेल. जाताजाता अजून एक. १९७६ मध्ये लंडनला अमेरिकन नाटककार ओनीलचं नाटक करताना त्याला स्टेजची अशी धास्ती बसली की त्याने ते नाटक सोडलं आणि पुढची बरीच वर्षं बहुतेक कॅमेऱ्यासमोरच काढली, म्हणजे एलियन, मुसाबिनी सगळं त्या काळातलं. मग १९९३ ला पिंटरच्याच नव्या नाटकाने परत उभा राहिला, तेव्हा वय साठीच्या पुढे. तर 'स्टेज फ्राइट'ला आपल्याकडे काय म्हणतात?

पेठेतला पोपट:
ब्लँक झाला म्हणतात.

मूळपुरुष:
नाही, ब्लँक झालेल्याला विंगेतून वाक्य दिलं की गाडी सुरू होते, आणि पुढच्या प्रयोगाला तो परत उभा असतो. हे वेगळं. ह्याला माझ्याकडे शब्द नाही.