‘डीकनेस’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (वेंगुर्ले)

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) इतिहासाची एक लहान पुस्तिका मराठीत तयार होत आहे. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ‘डीकनेस’ (मंडळीत ‘डीकन’ म्हणजे सेवकाच्या पदावर नेमलेली स्त्री) हा शब्द वारंवार येतो आणि पहिल्या खर्ड्यात त्यासाठी एके ठिकाणी ‘सेविका’, दुसरीकडे ‘डीकनीण’, तर तिसरीकडे ‘देवसेविका’ असे शब्द पडले आहेत. यांपैकी कोणता ठेवावा आणि कोणत्या कारणाने, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (रत्नागिरी)

‘देवसेविका’ प्रथम बाद करावा. सावंतवाडी-मालवण पट्ट्यात देवळाच्या सेवेला वाहिलेल्या भाविणींची प्रथा होती. ती आठवणारी माणसे फार जुनी नाहीत, आणि १९३४ चा मुंबई इलाख्याचा देवदासी कायदा अशाच प्रथांसाठी करावा लागला होता. आपल्या भागातल्या वाचकाला या शब्दातून नेमके ते ऐकू येईल, जे तुम्हांला म्हणायचे नाही.

‘डीकनीण’ची अडचण निराळी आहे. मराठीत ‘-ईण’ लागले की पुष्कळदा पदाधिकारी स्त्री डोळ्यांसमोर येत नाही, पदाधिकाऱ्याची बायको येते. पाटलीण पाटीलकी करीत नसे आणि आपल्या मंडळ्यांत पाळकीणबाई म्हणजे पाळकांच्या (मंडळीच्या धर्मगुरूंच्या) पत्नी, हे कोणालाही सांगावे लागत नाही. तेव्हा ‘डीकनीण’ म्हटल्यावर ‘डीकन कोण, त्यांचे नाव काय’ असाच प्रश्न पुढे येणार. गंमत अशी की ग्रीक भाषेतही हाच घोळ आहे, कारण तिथे ‘दियाकोनिसा’ हा शब्द डीकनच्या पत्नीलाही लावतात. बायबलमध्ये पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या अकराव्या वचनात, सेवकांच्या अटी सांगता सांगता मध्येच स्त्रियांविषयी जे वाक्य येते, ते डीकनांच्या पत्नींविषयी की स्वतः त्या पदावर असलेल्या स्त्रियांविषयी, यावर आजही एकमत नाही. तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचे ‘स्त्रिया’ आणि ‘पत्नी’ असे दोन्ही अर्थ होतात, अगदी आपल्या ‘बायका’ या शब्दासारखे.

राहिला ‘सेविका’. तो पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला आहे, म्हणून त्याला हात लावणे जड जाते. पण अंगणवाडी सेविका आणि आरोग्य सेविका यांच्यामुळे त्याचा आजचा अर्थ ठरून गेला आहे, आणि ‘सेवक’ तर शाळेत घंटा देणाऱ्यापर्यंत पोहोचला आहे. ‘डीकनेस’ हे विधिपूर्वक दिलेले पद आहे. सेवा सर्वच करतात. पद काहींनाच मिळते. तो भेद नुसत्या ‘सेविका’त उरत नाही.

पुरवणी (वसई)

वरील विवेचन मान्य आहे, पण ‘पद’ म्हणताना कोणत्या काळचे पद, हे स्पष्ट असावे. तिसऱ्या शतकात सीरियात रचलेल्या ‘दिदस्कालिया’ या नियमग्रंथात डीकनेसची कामे चांगली तपशिलाने आली आहेत. बाप्तिस्मा घेणाऱ्या स्त्रीच्या अंगाला तेल लावणे पुरुषांकडून होणे उचित नाही, म्हणून ते तिने करावे. आणि ज्या अख्रिस्ती घरांत पुरुष सेवकाने जाणे बरे दिसणार नाही, तिथल्या आजारी स्त्रियांकडे तिने जावे, असे त्यात म्हटले आहे. ४५१ साली खल्कीदोन येथील धर्मपरिषदेने चाळीस वर्षांच्या आतील स्त्रीला हे पद देऊ नये आणि तेही पारखून घेतल्यावरच द्यावे, असा नियम केला. ज्या पदाला वयाची अट आणि चौकशी लागते, ते केवळ मदतनिसाचे नव्हे. पुढे प्रौढांचे बाप्तिस्मे कमी होऊन तान्ह्या मुलांचे वाढले, तसे पश्चिमेकडे हे पद हळूहळू मागे पडले.

आमच्या कॅथलिक मंडळींत ‘डीकन’ म्हटले की बहुधा फादर होण्याच्या उंबरठ्यावरचा तरुण डोळ्यांसमोर येतो आणि ते पद आजही पुरुषांनाच मिळते. स्त्रियांच्या डीकनपदाचा अभ्यास करण्यासाठी पोप फ्रान्सिस यांनी २०१६ आणि २०२० मध्ये आयोग नेमले होते. आमच्याकडच्या ‘सिस्टर’ म्हणजे व्रतस्थ स्त्रिया. त्यांना डीकनेस म्हणणे चूक होईल.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद (वेंगुर्ले)

‘सिस्टर’चा उल्लेख आल्यामुळे विचारतो. आमच्याकडे दवाखान्यातल्या नर्सलाही सिस्टरच म्हणतात आणि आमच्या कागदांतल्या डीकनेस रुग्णसेवेच्या संदर्भातच येतात. मग ‘परिचारिका’ चालेल का? आणि रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातली फिबी ‘मंडळीची सेविका’ आहे, तिचे काय करावे?

उत्तर (रत्नागिरी)

‘परिचारिका’ अर्थाने जवळचा आहे, यात शंका नाही. १८३६ साली थिओडोर फ्लीडनर या पाळकाने जर्मनीतील कायझरस्वर्थ येथे डीकनेसचे जे मातृगृह (त्यांच्या संघाचे मुख्य निवासस्थान) काढले, त्यात रुग्णसेवेचे पद्धतशीर शिक्षण मिळे आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५१ मध्ये तिथेच धडे घेतले. पण त्याच परंपरेतल्या काही डीकनेस शाळाही चालवीत, अनाथ मुलांनाही सांभाळीत. शिवाय आज ‘परिचारिका’ हा एका व्यवसायाचा शब्द आहे, त्याला धर्ममंडळीचा काही संबंध उरलेला नाही.

फिबीला मात्र ‘सेविका’च राहू द्यावे, फक्त ‘मंडळीची’ हा शब्द कधी गाळू नये. तिच्यासाठी मूळ ग्रीकात ‘दियाकोनोस’ हेच रूप आहे, जे पुरुषांनाही लागते. स्त्रीसाठी वेगळे रूप पुढे रूढ झाले. आणि ‘किंख्रियातील मंडळीची’ असे गावासकट म्हटल्यामुळे तिच्या नेमणुकीचा अर्थ तिथेच उमटतो.

माझ्या मते पुस्तिकेत एकच शब्द ठेवण्याचा आग्रह सोडावा. कायझरस्वर्थसारख्या, फक्त स्त्रियांच्या जुन्या संघांतील व्यक्तीसाठी ‘डीकनेस’ असाच शब्द घ्यावा, वचनाच्या संदर्भात ‘मंडळीची सेविका’ म्हणावे आणि आज ज्या मंडळ्यांत स्त्री-पुरुषांना एकच दीक्षा मिळते, उदाहरणार्थ १९७० साली स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), तिथे स्त्रीलाही सरळ ‘डीकन’ लिहावे. एक खबरदारी घ्यावी. प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या पद्धतीत डीकन हा गोरगरिबांचा निधी आणि व्यवहार पाहणारा निवडलेला सभासद असतो, तर अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) पद्धतीत ती पाळकपदाआधीची दीक्षा असते. आपल्या किनाऱ्यावर अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनांमुळे पहिला अर्थ अधिक खोल रुजलेला आहे. तेव्हा शब्द पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ सांगून टाकावा.

अनेकवचन करताना ‘डीकनेसेस’ लिहू नये, ते जिभेवर अडते. ‘सिस्टर आल्या’ तसे ‘डीकनेस आल्या’. मात्र ‘आल्या’ हे आदरार्थी एकवचनही होते, म्हणून संख्या सांगायची असेल तिथे ‘दोघी डीकनेस आल्या’ असे लिहावे.