मोठ्या कंपनीचे पुरवठादार होताना करारात काय पाहावे?

प्रश्न (खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा)
मी आणि माझा धाकटा भाऊ मच्छे औद्योगिक वसाहतीत दोन लेथवर जॉबवर्क करतो. एका मोठ्या कंपनीने आम्हाला आपल्या पुरवठादार विकास कार्यक्रमात घेण्याची तयारी दाखविली आहे. तिचे अभियंते येऊन मोजमापाची शिस्त शिकविणार आहेत, गेजही (माप तपासण्याची साधने) देणार आहेत; मात्र बिलाची रक्कम ९० दिवसांनी मिळेल, असे करारात लिहिले आहे. हा करार स्वीकारावा का?

उत्तर (लघुउद्योजक, उद्यमबाग)
शिकण्याची संधी सोडू नका. आमच्याकडेही एका मोठ्या कंपनीचे असेच अभियंते येत असत. प्रत्येक नगाचे माप त्याच वेळी वहीत लिहिण्याची सवय त्यांनी लावली आणि रिजेक्शन (नापास होऊन परत येणारे नग) इतके घटले की पुढे इतर गिऱ्हाइकेही आमच्याकडे आपणहून आली. ते ऋण मी आजही मानतो. परंतु त्याच कंपनीने बिले पाच महिने अडवली, तेव्हा कास्टिंगचे (ओतीव कच्च्या भागांचे) पैसे आणि कामगारांचा पगार भागविण्यासाठी मला सोसायटीचे कर्ज काढावे लागले. शिकविलेले कौशल्य व्याज फेडण्यातच खर्ची पडले, तर लहान उद्योजक उभा कसा राहणार?

उत्तर (करसल्लागार, टिळकवाडी)
९० दिवसांची अट कायद्यापुढे टिकत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराला माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत रक्कम मिळालीच पाहिजे. करारात त्याहून मोठी मुदत लिहिली तरीही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज द्यावे लागते. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकर कायद्यातील तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३ब(ह)), मुदतीनंतर थकलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला करपात्र उत्पन्नातून खर्च म्हणून वजा करता येत नाही. यासाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करारावर सही करण्यापूर्वीच करून घ्यावी. कंपनीची उलाढाल २५० कोटींहून अधिक असेल, तर तिला ट्रेड्स या बिलवटाव मंचावर नोंदणी बंधनकारक आहे. तेथे कंपनीने मान्य केलेल्या बिलावर बँका बोली लावतात, आपल्याला रक्कम लवकर मिळते आणि पुढे कंपनीने पैसे थकविले तरी बँक ते आपल्याकडे मागत नाही.

उत्तर (महिला बचत गट, वडगाव)
आपला प्रश्न यंत्रकामाचा असला तरी आमचा अनुभव सांगते. एका कंपनीने सामाजिक दायित्व निधीतून आम्हाला शिलाई यंत्रे दिली, प्रशिक्षणही दिले. पण काम नसल्याने वर्षभर ती झाकूनच राहिली. जवळच्या एका कारखान्याने कामगारांचे गणवेश शिवायला दिले, त्या दिवसापासून गटातील बायकांच्या हातात स्वतःचा पैसा येऊ लागला. म्हणून दरमहा किमान किती नगांचे काम मिळेल, हेही करारात लिहून घ्या.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. उद्यम नोंदणी याच आठवड्यात करतो, आणि ४५ दिवसांची मुदत व किमान नगसंख्या घालून मसुदा कंपनीकडे परत पाठवितो.