लँग्वेज आर्ट्सच्या तासाला गुलामगिरीचे उतारे कशाला?

निळीशाई
'एडिसनकर' यांनी काल लिहिलं की फेब्रुवारी, म्हणजे इथला काळ्यांच्या इतिहासाचा महिना, आला की शाळेत गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स नाहीतर गुलामगिरीतून पळून आलेला लेखक फ्रेडरिक डग्लस यांच्यावरचा उतारा देतात, त्यातली दोन वाक्यं पुरावा म्हणून काढायला लावतात आणि त्यावर परिच्छेद लिहून घेतात. लेखनच शिकवायचं तर ज्वालामुखीवर शिकवा, देवमाशांवर शिकवा, भाषेच्या तासाला राजकारण नको, असं त्यांचं म्हणणं. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागलेली पाहिली आणि राहवलं नाही. मी न्यू जर्सीत आठवीला हेच शिकवते.

लाव्हा गरम असतो हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. समोरचा ऐकायलाच तयार नसतो, तेव्हा पुरावा लागतो. काळी पत्रकार आयडा बी. वेल्स बघा. 1892 साली मेम्फिसमध्ये तिचा मित्र टॉमस मॉस आणि त्याच्या दोन साथीदारांना जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन मारलं. का, तर त्यांचं किराणा दुकान शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या डोळ्यांत सलत होतं. 'बायकांची अब्रू वाचवायला आम्ही हे करतो' ही काळ्यांना असं मारणाऱ्या जमावांची तेव्हाची ठरलेली सबब. वेल्सने काय केलं? गोऱ्यांच्याच वर्तमानपत्राने, शिकागो ट्रिब्यूनने, छापलेले अशा हत्यांचे आकडे घेतले आणि दाखवून दिलं की बहुतेक प्रकरणांत बलात्काराचा साधा आरोपसुद्धा नव्हता. विरोधकाला नाकारता येणार नाही असा पुरावा निवडायचा, हे मुलांना शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

एडिसनकर
ताई, वेल्सबाईंबद्दल आदर आहे, पण तुम्ही माझा मुद्दा बाजूलाच ठेवलात. निष्कर्ष आधीच ठरलेला असेल तर पुरावा शोधायचा कशासाठी? माझ्या सहावीतल्या मुलाचा कागद आत्ता समोर आहे. चार चौकटी : विधान, पुरावा, स्पष्टीकरण, समारोप. त्याने लिहिलंय, 'रोझा पार्क्स शूर होत्या.' पुरावा : 'त्या कामावरून दमून आल्या होत्या आणि उठल्या नाहीत.' स्पष्टीकरण : 'यावरून त्या शूर होत्या हे दिसते.' पैकीच्या पैकी गुण! त्या शूर नव्हत्या असं लिहायची कुठल्या मुलाची छाती आहे? उताऱ्यातलं वाक्य उचलून उत्तरात डकवणं मी साताऱ्यात दहा वर्षं केलंय. तेच शिकवायला त्याला इथे आणलेलं नाही.

निळीशाई
तो कागद टाकाऊच आहे. भाषेसाठी टाकाऊ आणि इतिहासासाठी त्याहून टाकाऊ. पार्क्स म्हणजे नुसती दमलेली शिंपीण नव्हत्या. त्या एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या माँटगोमेरी शाखेच्या सचिव होत्या, त्याच उन्हाळ्यात टेनेसीत हायलँडर शाळेत चळवळीचं शिबिर करून आलेल्या. आपण शरीराने दमलो नव्हतो, हे त्यांनी स्वतः सांगून ठेवलंय.

पण म्हणून विषय कशाला टाकायचा? प्रश्न बदला. पार्क्सना पकडलं त्या दिवसाचा, 1 डिसेंबर 1955 चा, पोलिसांचा अहवाल आणि कोर्टात दाखल झालेला बसचा आराखडा अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने उपलब्ध केलाय. मी दोन्ही मुलांसमोर ठेवते. गोऱ्यांच्या राखीव जागेत त्या बसल्याच नव्हत्या, हे आराखड्यावर बोट फिरवताना मुलांच्या आपोआप लक्षात येतं. मग विचारते : मार्चमध्ये याच शहरात पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कॉल्विनला याच कारणासाठी पकडलं, तेव्हा काळ्यांनी बसवर बहिष्कार का नाही टाकला? आणि पार्क्सच्या अटकेनंतरच्या 381 दिवसांच्या बहिष्काराने काळ्यांना बस खुली केली की कॉल्विन जिच्यात वादी होती त्या ब्राउडर विरुद्ध गेल खटल्याने? इथे ठरलेलं उत्तर नाही. वर्गात अक्षरशः भांडणं होतात.

जुनाफळा
निवृत्त शिक्षक आहे, सध्या लेकीकडे आलोय. एवढी चर्चा झाली आणि जोतीरावांचं नाव कुणी काढलं नाही? 1873 सालची 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलेली आहे, त्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी केलेल्या त्यागाबद्दल. अर्पणपत्रिका इंग्रजीतच आहे. इथल्या मराठी शाळेत नातवंडांना गणपतीची आरती शिकवतात, हे कधी सांगितलं का?

कोकणकडा
आली जात! सर, धागा लेखन कसं शिकवावं याचा आहे. आपण इथे कष्टाने आलो, कुणाला गुलाम केलं नाही. कुठलाही विषय निघाला की आपल्याच माणसांना पिंजऱ्यात उभं करायची ही सवय मला खरंच असह्य होते. इथल्या काळ्यांच्या इतिहासाशी आपला संबंध काय?

मधलीआळी
संबंध काय म्हणता? माझे वडील 1968 ला शिकागोला आले. आले कसे? 1965 च्या इमिग्रेशन कायद्याने, जो नागरी हक्कांच्या लाटेतच मंजूर झाला. त्याआधी वर्षाला शंभर भारतीयांचा कोटा होता. बाबांना फोनवर खोली मिळायची आणि दारात उभं राहिलं की ती 'आत्ताच गेली' असायची. आई हे सांगताना अजूनही आवाज खाली आणते. घरं देताना भेदभाव करू नये हा कायदासुद्धा 1968 चाच. मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली आणि आठवडाभरात त्यावर सही झाली. आपण कष्टाने आलो, पण दार उघडलं कुणी तेही बघा.

कोकणकडा
तुमच्या वडिलांना त्रास झाला याचं वाईट वाटतं. तरीही त्यासाठी महात्मा फुले कशाला, ते कळलं नाही.

जुनाफळा
नाही कळलं तर ती अर्पणपत्रिका वाचा. शेवटी काय म्हटलंय? माझ्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं. तुम्हाला तेवढं शेवटचं वाक्य नकोय. बाबासाहेब कोलंबियात शिकले, 1946 साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत नेते डू बॉईस यांना पत्र लिहिलं. हा संबंध ज्यांनी जोडला, त्यांना विचारा संबंध काय ते.

कोकणकडा
मला काय नकोय ते तुम्ही ठरवू नका. आणि फुल्यांचंच घ्यायचं तर त्यांचं विधान पुराव्यावर टिकतं का? त्याच 1873 च्या ईस्टरला लुइझियानात कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या जमावाने डझनावारी काळ्यांची कत्तल केली. ज्या थोड्यांना शिक्षा झाली, तीही 1876 ला सुप्रीम कोर्टाने रद्दबातल ठरवली. हे तुमचे सज्जन?

निळीशाई
कोकणकडा, रागाच्या भरात तुम्ही फार उत्तम प्रश्न विचारलात. अर्पणपत्रिका एका बाजूला, कोलफॅक्स दुसऱ्या बाजूला : फुले कुणाला सज्जन म्हणत होते, आणि ते कितपत बरोबर होतं? हा मी पुढच्या वर्षी वर्गात ठेवणार.

जुनाफळा
ठेवा. जोतीराव गुलामी मोडणाऱ्यांबद्दल बोलत होते, कोलफॅक्सच्या मारेकऱ्यांबद्दल नाही, हे आठवीतलं पोरसुद्धा सांगेल.

डॅलसचामिलिंद
मूळ मुद्द्यावर येऊ का? पुरावा पुरावा करताय, पण पुरावा उलटा निघाला तर? 1936 ते 38 मध्ये सरकारने माजी गुलामांच्या दोन हजारांवर मुलाखती घेतल्या. त्यात 'मालक भला माणूस होता' म्हणणारे कितीतरी म्हातारे आहेत. मुलाने तेच वाक्य उचललं तर किती गुण देणार?

निळीशाई
वाक्य कुणाला सांगितलं हे तपासलं नसेल तर कमीच देणार. 1937 ची चार्ल्स्टनची सुझन हॅमिल्टन घ्या, एका मुलाखतीत तिचं आडनाव हॅम्लिन पडलंय. एकदा गोरी बाई घरी आली. सुझनला वाटलं ती सरकारी मदत देणाऱ्या कचेरीतून आलीय. मंदीचे दिवस, म्हातारपण. तिने मालकाचे गोडवे गायले. वेगळ्या वेळी काळा मुलाखतकार आला, तेव्हा तीच सुझन चाबकाबद्दल आणि विकून ताटातूट केलेल्या कुटुंबांबद्दल बोलली. मी दोन्ही मुलाखती नावं झाकून देते. मुलं आधी म्हणतात ही दोन वेगळी माणसं. नावं उघडली की वर्ग गप्प होतो आणि मग जे लिहितात ते चार चौकटींत मावत नाही. गेल्या खेपेला एका मुलीने विचारलं, 'मग दुसऱ्याला तरी ती सगळं खरं सांगत होती कशावरून?' असा प्रश्न ज्वालामुखीच्या उताऱ्यावर येत नाही हो.

डॅलसचामिलिंद
मानलं. पण असं शिकवणाऱ्या किती जणी आहेत तुमच्यासारख्या? आणि फ्लोरिडात तर 2023 मध्ये राज्यानेच अभ्यासक्रमात लिहिलंय की गुलामांनी कौशल्यं मिळवली आणि काही वेळा त्यांचा त्यांना फायदा झाला. तिथला शिक्षक काय करणार?

निळीशाई
तिथली माझी मैत्रीण हळूच डग्लसचं 1845 चं आत्मचरित्र काढते. बाल्टिमोरच्या गोदीत जहाजं सांधायचं कौशल्य तोही शिकला होता. आठवड्याची मजुरी मात्र मालकाच्या हातात द्यावी लागायची. मुलंच विचारतात, फायदा नेमका कुणाचा.

एडिसनकर
सुझनच्या दोन्ही मुलाखती मला पाठवा, शनिवारी मुलाला घेऊन बसतो. ज्वालामुखीचं मागे घेतो, हवं तर. चौकटींचा कागद मात्र पालकसभेत टेबलावर ठेवणार आहे, आणि 'दमल्या होत्या' कुठून आलं ते शाळेलाच पुराव्यासकट विचारणार आहे.

कोकणकडा
मलाही पाठवा. आणि जुनाफळा सर, अर्पणपत्रिका वाचली. कोलफॅक्सवरचं माझं मत तेच आहे. उद्या सविस्तर लिहितो.