डिस्क आहे ना, मग उपग्रह कशाला?

ढगवेडा: काल इथे एकानं लिहिलं, ‘संशोधन-विमानात डेटा डिस्कवर साठवा, उतरल्यावर बघा. उपग्रहावरून डेटा पाठवणं म्हणजे उधळपट्टी.’ रात्रभर डोक्यातून गेलं नाही. नासाचं ईआर-२ ७०,००० फुटांवर उडतं, आत एकटा वैमानिक. दुसऱ्याच तासाला मोजमापाचं उपकरण बंद पडलं तर त्याला कळणार कसं? विमानातली नॅसडॅट ही डेटा गोळा करून पाठवणारी पेटी उपकरणांची खुशाली इरिडियमवरून, म्हणजे उपग्रह-फोनच्या जाळ्यावरून, खाली कळवते, म्हणून शास्त्रज्ञ जमिनीवरून सांगू शकतो, ‘बटण बंद करून परत लाव.’ नाहीतर अख्खं उड्डाण पाण्यात.

डिस्कवाला: तो ‘एक’ मीच. इरिडियमच्या एका वाहिनीवर सेकंदाला २४०० बिट, चार जोडल्या तरी ९६००. रडारचा कच्चा डेटा जाईल त्यातून? शेवटी डिस्कच उघडता ना!

सागरिका: कच्चा पाठवतंय कोण? नोआ या अमेरिकी हवामान-सागर संस्थेची पी-३ विमानं चक्रीवादळात ड्रॉपसोंड, म्हणजे पडता पडता हवा मोजणारी छोटी यंत्रं, सोडतात. दाब, तापमान, वारा यांचा डेटा विमानातच तपासून छोट्या संदेशात मायामीच्या हरिकेन सेंटरला जातो. उतरल्यावर दिलात तर किनाऱ्यावरच्या माणसाला काय उपयोग?

डिस्कवाला: ते अंदाजाचं काम. मी संशोधनाबद्दल बोलतोय, विषय फिरवू नका.

घड्याळजी: भलत्याच गोष्टीवर भांडताय. खरी बोंब वेळेची! आमच्या एका मोहिमेत एक यंत्र जीपीएस वेळ नोंदवत होतं, दुसरं यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाणवेळ. २०१७ पासून त्यांत १८ सेकंदांचा फरक आहे. विमानाचा वेग सेकंदाला २०० मीटर धरा, झाले ३.६ किलोमीटर. ढगाच्या बाहेर थेंब दिसत होते आणि मी तीन महिने त्याचं भौतिकशास्त्र शोधत बसलो.

सागरिका: उड्डाणाआधी घड्याळं जुळवली नव्हती?

घड्याळजी: तास-मिनिटं जुळवली. सेकंदांकडे कुणी पाहिलंच नाही.

ढगवेडा: म्हणून तर विमानातून सगळ्या यंत्रांना एकच वेळ वाटतात. आयडब्ल्यूजी-१ नावाच्या ठरावीक साच्यातली ओळ, दर सेकंदाला एक: वेळ, अक्षांश, रेखांश, उंची, मध्ये स्वल्पविराम. ती आणि तुमच्या यंत्रांचे आकडे खाली शेजारी-शेजारी दिसले असते, तर पहिल्याच दिवशी पकडलं असतं.

घड्याळजी: बघायला माणूस नको? आमच्याकडे तंत्रज्ञाची जागा वर्षभर रिकामी होती!

डिस्कवाला: तेच तर बोंबलतोय, पैसा माणसांवर घाला!

सागरिका: माणूस नाही म्हणून वादळाची माहितीही अडवायची? हे पटत नाही.

डिस्कवाला: बरं, ईआर-२ पुरतं मागे घेतो. वादळाचंही. पण नासाच्या डीसी-८ या मोठ्या संशोधन-विमानात शास्त्रज्ञ यंत्रासमोरच बसायचे. तिथे माझं म्हणणं कायम.

घड्याळजी: फाइलच्या पहिल्याच ओळीत ‘वेळ: जीपीएस की यूटीसी’ लिहिणारे कुणी असतील, तर नमुना टाका. मला आजच हवाय.