दिल्लीची जुनी पिक्चर पोस्टकार्डं: तुमच्याकडे कोणतं?

आजोबा सरकारी नोकरीत दिल्लीला होते. परवा त्यांच्या ट्रंकेत इंडिया गेटचं कृष्णधवल कार्ड सापडलं. कमानीतून मागची छत्री दिसते आणि तिच्यात पांढराशुभ्र पंचम जॉर्ज. हा पुतळा १९६८ साली तिथून काढला, पुढे कोरोनेशन पार्कात गेला. म्हणजे कार्ड त्याआधीचं. पाठीमागे आजोबांचं अक्षर: 'थंडी फार. लोकरीचे मोजे पाठवणे.' इंडिया गेटबद्दल चकार शब्द नाही! तुमच्याकडचं असं काही असेल तर लिहा. फोटोबिटो नसला तरी चालेल.

*

आमच्याकडचं १९७४ चं, रंगीत. छत्री रिकामी. लहानपणी बाबांना विचारलं, हिच्याखाली कोण असतं? म्हणाले, "पाऊस आला की माणसं." मला बरीच वर्षं ते खरंच वाटायचं. २०२२ साली तिथे नेताजी आले. लेकीला कार्ड दाखवलं तर ती म्हणे, "यात नेताजी खोडलेत का?"

*

मी फसलोय, तेही लिहितो. जुन्या बाजारात एकाने चांदणी चौकाच्या घंटाघराचं कार्ड 'साहेब, १८९८ चं आहे' म्हणून गळ्यात मारलं. ते घंटाघर आता नाही, म्हणून मीही हुरळलो. घरी येऊन उलटून बघतो तर मागे मधोमध उभी रेघ: डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. ही सोय आधी ब्रिटनमध्ये झाली, १९०२ साली. त्याआधी मागची अख्खी बाजू पत्त्याला, आणि ख्यालीखुशाली चित्राच्या कडेला कोंबायची. मग भिंग लावलं. आकाशात रंगीत ठिपक्यांची एकसारखी जाळी, आजच्या ऑफसेट छपाईत असते तशी. आठशे रुपये गेले. बायकोला अजून दोनशेच सांगितलेत.

*

कुतुबमिनार. आईने पहिल्या सज्जावर बॉलपेनने बाण काढून लिहिलंय, 'इथवर चढलो, पुढे बंद'. १९८१ च्या चेंगराचेंगरीनंतर तर जिनाच बंद झाला. त्या बाणाने कार्डाची किंमत शून्य झाली म्हणे. विकायचंय कुणाला?

*

बाकी सगळं राहू दे, आजीने मोजे पाठवले का?

*

(धागाकर्ती) पाठवले! त्याच ट्रंकेत आजीचं उत्तर आहे, साधं पोस्टाचं कार्ड: 'उजवा जरा तोकडा झालाय, लोकर संपली.'