जानेवारीत पुणे ते मनाली-सिस्सू, डिझेल गाडीने: निघण्यापूर्वी काय काय करून घ्यावं?

घाटरस्ता

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून मनाली आणि पुढे अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमधल्या सिस्सूपर्यंत जायचं ठरलंय. सोबत बायको, आई आणि दोन मुलं. सिस्सूला एक रात्र मुक्काम.

गाडी २०१८ ची, दीड लिटर डिझेल, बीएस-४, फ्रंट व्हील ड्राइव्ह. ८२ हजार किमी झालेत. इंजिन ऑइल ५डब्ल्यू-३०, दोन महिन्यांपूर्वी बदललेलं. टायर २१५/६० आर १६, ४१ हजार किमी चाललेले. बॅटरी साडेतीन वर्षांची, पहाटे सेल्फ जरा रेंगाळतो. कूलंटच्या बाटलीत वर्षभरात दोन-तीनदा साधं पाणी पडलंय. गॅरेजमध्ये विचारलं तर "काही लागत नाही, बिनधास्त जा" म्हणाले.

मला विचारायचंय ते असं: पाणी मिसळलेलं कूलंट चालेल का? डिझेल गोठतं म्हणून थोडं रॉकेल मिसळायला सांगतात, ते बरोबर आहे का? बर्फासाठी टायरला लावायची चेन विकत घ्यावी का? आणि उत्तरेतल्या धुक्यात गाडी कशी चालवायची?

पानापक्कड

सगळ्यात आधी ते पाणी काढा. बाकीचं नंतर.

निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी असलेलं कूलंट उणे ३५ अंशांच्या पुढेही द्रव राहतं. ग्लायकॉल ३० टक्क्यांवर आलं की ते उणे १५ च्या आसपासच गोठायला लागतं. दर वेळी अर्धा-पाऊण लिटर पाणी पडलं असेल, तर तुम्ही त्या आकड्याच्या जवळ पोचला असाल. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाक्या तडकतात, इंजिन ब्लॉकची भोकं बंद करणारे कोअर प्लग बाहेर ढकलले जातात, डॅशबोर्डमागचा हीटर कोअर फुटतो. याच्या अलीकडचाही एक प्रकार असतो. कूलंट पूर्ण गोठत नाही, त्याचा नुसता बर्फाळ लगदा होतो. गाडी सुरू होते, पण पाणी फिरत नाही, आणि बाहेर उणे १० असताना इंजिन दहा मिनिटांत ओव्हरहीट होतं.

बदलताना एक चूक हमखास होते. रेडिएटरचा नळ सोडला की जेमतेम निम्मं-पाऊण कूलंट बाहेर येतं, उरलेलं ब्लॉक आणि हीटरमध्येच राहतं. वरून तयार ५०-५० मिश्रण ओतलं की ते आतल्या पाण्याने पुन्हा पातळ होतं. म्हणून असं करायला सांगा: इंजिन थंड असताना सगळं सोडायचं, डिस्टिल्ड पाणी भरायचं, हीटर फुल गरमवर ठेवून रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत इंजिन चालवायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, परत सोडायचं. मग एकूण क्षमतेच्या निम्मं *न मिसळलेलं* कूलंट आधी ओतायचं. मॅन्युअलमध्ये क्षमता साडेसहा लिटर दिली असेल तर सव्वातीन लिटर. वर मावेल तेवढं डिस्टिल्ड पाणी. हवा निघाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी बघून पुन्हा भरायची. शेवटी रिफ्रॅक्टोमीटरवर (कूलंट किती अंशांना गोठेल ते दाखवणारं छोटं यंत्र) एक थेंब टाकून आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, उणे ३० च्या खाली हवा. रंगावरून कूलंट निवडू नका. हिरवं-लाल हा फक्त रंग असतो, मॅन्युअलमधला प्रकार बघून घ्या.

आणि वर्षात दोन-तीनदा पाणी घालावं का लागलं, हेही शोधायला हवं. बंद सिस्टिममधलं पाणी आपोआप कमी होत नाही. वॉटर पंपाखाली पांढरट किंवा रंगीत वाळलेले ओघळ, होजच्या क्लॅम्पपाशी ओल, सैल झालेलं प्रेशर कॅप, या जागा आधी बघा. प्रेशर टेस्ट करून घ्यायला फार वेळ लागत नाही.

बॅटरी: रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी दार उघडण्याआधी मल्टिमीटर लावा (म्हणजे बॉनेट आदल्या रात्रीच उघडून टेकवून ठेवा). १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा बघा. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी बदला. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असायला हवा. आपल्याकडे बॅटरी खराब होते ती उन्हाळ्यात, पण कळतं थंडीत. उणे १८ ला चांगल्या बॅटरीचीही सेल्फ ओढायची ताकद निम्म्यावर येते. तुमची साडेतीन वर्षांची आहे आणि पुण्याच्या थंडीतच रेंगाळतेय, मी तरी ती घेऊन वर जाणार नाही. शिवाय उतरलेली बॅटरी स्वतःच गोठते. गोठलेल्या, फुगलेल्या बॅटरीला चार्जर किंवा जंपर कधीही लावू नका, फुटते.

सेल्फ रेंगाळतोय तर ग्लो प्लगही (डिझेल इंजिन सुरू होण्याआधी सिलिंडर आतून तापवणारे प्लग) तपासा. चारपैकी एखादा जळलेला असला तरी पुण्यात १२-१५ अंशांना गाडी सुरू होते, त्यामुळे महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. उणे ८ ला लागतो. वायर काढून प्लगचं टोक आणि इंजिन यांच्यामध्ये ओहम मोजायचे. चांगला प्लग साधारण एका ओहमच्या आसपास किंवा कमी दाखवतो, जळलेला काहीच दाखवत नाही. वर गेल्यावर चावी फिरवून ग्लोचा दिवा विझू द्या, चावी बंद करा, पुन्हा विझू द्या, मग सेल्फ मारा.

ऑइल ५डब्ल्यू-३० आहे ते उत्तम. १५डब्ल्यू-४० वाल्यांनी मात्र विचार करावा, उणे १५-२० कडे ते फार जड होतं.

हिमवाट

रॉकेल अजिबात नको. जुन्या पंपाच्या इंजिनात ते खपून जायचं. तुमच्या गाडीतल्या कॉमन रेलच्या (खूप जास्त दाबाने डिझेल फवारणारी यंत्रणा) हाय-प्रेशर पंपाला डिझेलच्याच वंगणावर चालायचं असतं. रॉकेल कोरडं असतं, पंप झिजतो, त्याचा धातूचा कीस इंजेक्टरमध्ये जातो आणि खर्च लाखात जातो.

डिझेल पाण्यासारखं गोठत नाही. आधी त्यातल्या मेणाचे कण होतात आणि ते फिल्टरमध्ये अडकतात. आपल्या आयएस १४६० मानकात डिझेलने फिल्टरमधून सुरळीत जाण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा हिवाळ्यात ६ अंश आणि उन्हाळ्यात १८ अंश आहे. पण पुण्याचं डिझेल मनालीला पोचतच नाही, दोन हजार किमीत तुम्ही तीन वेळा टाकी भराल. फक्त हिशेब असा ठेवा की मंडीच्या आसपास टाकी तळाला आलेली असेल, आणि कुल्लू-मनालीत फुल करा. पंपावर विंटर ग्रेड (थंडीतही वाहतं राहणारं डिझेल) आहे का विचारा. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं, ते पानिपत रिफायनरीत तयार होतं. ते मिळालं तर प्रश्नच नाही. नाही मिळालं तर अँटी-जेल ॲडिटिव्ह बाटलीवरच्या प्रमाणात घाला, पण डिझेल पातळ असतानाच. मेण धरल्यावर घालून उपयोग नाही. टाकीखाली शेकोटी किंवा स्टोव्ह लावणारे दिसतील, त्यांच्या नादाला लागू नका.

निघण्याआधी डिझेल फिल्टर बदला. बदलायचा नसेल तर निदान खालचा स्क्रू सैल करून पाणी काढा. ग्लासात धरा: तळाशी पाण्याचे गोल थेंब दिसतात, ते थांबून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. ते चमचाभर पाणी फिल्टरमध्ये गोठलं तर विंटर ग्रेड असूनही गाडी सुरू होणार नाही.

वायपरच्या टाकीतही साधं पाणी ठेवू नका. न गोठणारं वॉशर लिक्विड भरा आणि नळीतलं जुनं पाणी फवारून संपवा. इंजिनचं कूलंट तिथे ओतू नका, काचेवर तेलकट पडदा येतो आणि रंग जातो.

रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका. चिखल-बर्फातून आल्यावर केबल ओली असते, ती गोठली की सकाळी मागची चाकं फिरत नाहीत. पहिल्या गिअरमध्ये उभी करा, चाकाला दगड लावा. वायपर उभे करून ठेवा. काचेवर बर्फ बसला तर खरवडा, गरम पाणी ओतलं तर काच तडकते. आदल्या दिवशी दारांच्या रबरांना सिलिकॉन किंवा ग्लिसरीन चोळा, नाहीतर दार ओढताना रबर फाटून हातात येतं.

चेन घ्या, पण बर्फ पडला तर सोबत असावी म्हणून. टायरवर लिहिलेला २१५/६० आर १६ हा साइज सांगूनच घ्या. तुमच्या गाडीत ती पुढच्या चाकांना लावायची. मागे लावलीत तर ना खेचेल ना वळेल. पुण्यात पार्किंगमध्ये एकदा लावून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. आतल्या बाजूला शॉकअबच्या नळकांड्याला कडी घासतेय का, ब्रेकच्या होजला लागतेय का, ते बघा. हातमोजे घालून लावायचा सरावही तिथेच करा. लावल्यावर १०० मीटर जाऊन पुन्हा ताणायची, ३० च्या वर जायचं नाही, कोरडा डांबरी रस्ता लागला की लगेच काढायची. बर्फवृष्टीनंतर पोलीस सोलंगच्या अलीकडेच गाड्या थांबवतात आणि फोर बाय फोर किंवा चेनवाल्यांनाच पुढे सोडतात. थांबवलं तर हुज्जत घालू नका, ते बरोबर असतात.

मोजपट्टी

टायरच्या हवेबद्दल कोणी बोललं नाही. थंडीने हवा उतरते आणि उंचीने गेजवर चढलेली दिसते, म्हणून लोक गोंधळतात. पुण्यात ३० अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर उणे ५ ला नेला तर नुसत्या थंडीने साडेपाचच्या आसपास उतरतो. सिस्सू सुमारे ३१०० मीटरवर आहे, बाहेरच्या हवेचा दाब तिथे पुण्यापेक्षा साधारण पावणेचार पीएसआयने कमी. म्हणून गेजवर घट फक्त दीड-दोनची दिसेल. तेवढी मनालीत सकाळी, गाडी हलवण्याआधी भरून घ्या. दाराच्या खांबावर लिहिलेला आकडा तिथेही तोच. बर्फात पकड येते म्हणून हवा कमी करू नका, तो सल्ला वाळूसाठी आहे.

खाचेची खोली मोजा. कायद्याला १.६ मिमी पुरते, बर्फाला ४ हवी. ४१ हजार चाललेल्या टायरमध्ये ती कदाचित नसेल. चारही समान नसतील तर जास्त खाचेची जोडी मागे टाका. आपले नेहमीचे टायर ७ अंशांच्या खाली कडक होतात, हे लक्षात ठेवूनच चालवा.

पारदर्शक बर्फ दिसत नाही, रस्ता फक्त ओला वाटतो. सावलीतलं वळण, पूल, डोंगरातून पाणी उतरतं तो पट्टा आणि बोगद्याच्या तोंडाशी तो हमखास असतो. अटल बोगदा ९.०२ किमी आहे, आणि तिकडे लाहौलमध्ये हवा पूर्ण वेगळी असू शकते. बाहेर पडण्याआधीच वेग २० वर आणा. दीड सेकंद प्रतिक्रियेला धरला तर ४० च्या वेगात कोरड्या रस्त्यावर गाडी २५-२६ मीटरमध्ये थांबते. गुळगुळीत बर्फावर तीच ८० मीटर घेते. २० च्या वेगात बर्फावरही २५. उतारावर दुसरा गिअर, ब्रेक हलका. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पायाखाली थरथरलं तर पाय काढू नका. गाडी सरकू लागली तर ॲक्सिलरेटर सोडा, क्लच दाबा आणि जिकडे जायचंय तिकडे बघून हळू स्टिअरिंग द्या. सकाळी दहाच्या आत निघू नका.

कंदील

रस्ता ठरवताना एक गोष्ट: तुमची गाडी बीएस-४ डिझेल आहे. दिल्लीत हवा बिघडून ग्रॅपचा (प्रदूषण वाढेल तसे लागू होणारे निर्बंध) तिसरा टप्पा लागला की दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगरमध्ये अशा गाड्यांना बंदी येते आणि दंड जबर आहे. तेव्हा जयपूरहून कोटपुतलीला डावीकडे वळून नारनौल, तिथून १५२-डी महामार्गाने इस्माइलाबाद, मग अंबाला. दिल्ली पूर्ण टळते.

धुकं मात्र टळणार नाही. रात्री दहा ते सकाळी दहा हरियाणा-पंजाबात गाडी चालवूच नका, मुक्काम त्या हिशेबाने ठेवा. अडकलातच तर लाइट डिपरवर, फॉग लॅम्प चालू. हाय बीम धुक्यावरून परत डोळ्यात येतो. चालत्या गाडीचे हॅझर्ड लावू नका, मागच्याला तुम्ही उभे आहात की वळताय ते कळत नाही. रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ धरा. ५० मीटरच दिसत असेल तर ८० च्या वेगात कोरड्या रस्त्यावरही थांबता येत नाही, ७० मीटर लागतात. ४० च्या वर जाऊ नका. थांबायचं तर पंप किंवा ढाब्याच्या आत. कडेला लावून पार्किंग लाइट चालू ठेवलेल्या गाडीवर मागचा ट्रक "पुढे गाडी चाललीय" समजून येतो.

काच आतून धुकटली तर बाहेरची हवा आत घ्या, हीटर गरम, एसी चालू. रिसर्क्युलेशन बंद हवं, पाच माणसांच्या श्वासाने काच दोन मिनिटांत जाते.

घाटरस्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. कूलंट फ्लश, नवी बॅटरी, ग्लो प्लग, डिझेल फिल्टर लिहून घेतलं. टायरची खोली ३ मिमी भरली, बदलतोय. एकच शंका: बर्फात कुठे अडकलो तर आई आणि मुलांसाठी इंजिन चालू ठेवून हीटर लावून बसलं तर चालेल ना?

हिमवाट

तसं नाही, दादा. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की धूर गाडीखालून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप लागल्यासारखं होतं. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली.

हीटर लावायचाच तर आधी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ फावड्याने पूर्ण काढा. तासात दहा मिनिटंच इंजिन चालवा, ज्या बाजूने वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, आणि एक मोठं माणूस जागं पाहिजेच. दर वेळी इंजिन सुरू करण्याआधी पुन्हा उतरून सायलेन्सर बघायचा. उरलेला वेळ पांघरुणांवर काढायचा, म्हणून माणशी एक जाड ब्लँकेट, थर्मास, टॉर्च आणि छोटं फावडं डिकीत नाही, सीटच्या मागे ठेवा. डिकीचं दार गोठलं तर आतून हात पोचायला हवा.